टाचबाईंची शिसारी

सकाळपासून हवा कोंदट होती. वारा नाही, ऊन नाही, नुसती घामाची चिकचिक. व्यायामोपचार केंद्राच्या हॉलमधल्या निळ्या गाद्या रात्रभर बंद खिडक्यांत आंबल्या होत्या. कालची लाळ, नासलेलं दूध, कुणाची तरी शू. टाचबाई त्या जंतुनाशकानं खसाखसा पुसत होत्या. या वासाची त्यांना कधी किळस आली नाही. पोरं आहेत, गळणारच. किळस यायची ती पोरांना घेऊन येणाऱ्या मोठ्यांची.

नाव पोरांनीच ठेवलेलं, कारण बाईंचा दिवसभर एकच घोष: "टाच खाली!" ज्यांचे हातपाय मेंदूचं ऐकत नाहीत, अशा पोरांना ताणायचं, वाकवायचं, उभं करायचं, पडली की पुन्हा उभं करायचं, हे त्यांचं काम. हॉलमध्ये कुणी "बिच्चारं गं" म्हणालं की बाईंच्या तोंडात कडू पाणी यायचं. असल्या तोंडांना त्या सरळ बाहेरच्या बाकड्यावर पिटाळत.

पहिली आली चिमणी. चवड्यांवर टुणटुणत चालायची म्हणून चिमणी. आठ वर्षांची घोडी, आणि आत्याच्या कडेवर!

"उतरवा तिला."

"अहो बाई, पायऱ्या केवढ्या आहेत..."

"तिलाही दिसतात त्या. उतरवा."

शाळेत आया चिमणीला उचलून संडासला न्यायची आणि वर्ग फिदीफिदी हसायचा. तिला तिथं आपल्या पायांनी जायचं होतं, बस. पण डॉक्टरांनी सुट्टीआधी बजावलं होतं, सुट्टीनंतर टाच टेकली नाही तर पोटरीचं ऑपरेशन. म्हणून तर पायाच्या मापाचे प्लास्टिकचे स्प्लिंट दिले होते. रात्री ते घालून झोपायचं, म्हणजे पोटरी ताणलेली राहते.

बाईंनी तिचा गुडघा सरळ धरून पाऊल वर दाबलं. पोटरी दोरखंडासारखी. सुट्टीआधी होती ती बरी म्हणायची.

"स्प्लिंट कुठायत?"

आत्यानं पिशवीतून टॉवेलची गुंडाळी काढली. टॉवेलात पुन्हा प्लास्टिकची पिशवी, तिच्यात स्प्लिंट. एक ओरखडा नाही.

"काचेच्या कपाटात मांडायचेत का?"

"चांगली वस्तू, अंथरुणात घासून खराब होईल ना! बाहेर जाताना घालतो की, चारचौघांत."

"आणि चारचौघांत ही कडेवर. म्हणजे स्प्लिंटांचीच सहल!"

चिमणी खुदकन हसली. मग पुटपुटली, "रात्री मी रडते. मग बाबा काढतात. आत्या पण रडते."

बाईंनी स्प्लिंट तिच्या पायाला लावून पाहिला. बोटांची टोकं कडेबाहेर आली. पोर वाढलं होतं. वस्तू कोरी राहिली आणि पाय आखडला. अशा मायेपेक्षा लाळेची गादी बरी, ती निदान पुसता तरी येते.

"तिचं रडणं तुम्हाला बघवत नाही, म्हणून तिचा पाय कापायला द्यायचा. वा! शिसारी येते मला."

आत्यानं पदर डोळ्याला लावला.

"बाकड्यावर जाऊन रडा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. ऑपरेशनआधी प्लास्टर करून बघते म्हणाल्या. पलीकडून कुरकुर झाली, मग होकार आला.

"चिमणे, पाऊल थोडं थोडं वर आणत दर आठवड्याला नवं प्लास्टर. दुखणार नाही, पण ताण बसेल. रात्री रडू येईल. आणि हे बाबांना काढता यायचं नाही. घालू?"

चिमणीनं दाराकडं पाहिलं. "घाला. आत्याला नका विचारू."

कापूस गुंडाळला, ओल्या पट्ट्या चढल्या. बाईंनी पाऊल छातीशी दाबून धरलं. चिमणीनं ओठ चावला, पण पाय ओढला नाही.

बाईंनी आत्याला आत बोलावलं. "बोटं निळी पडली, सुजली, तर लगेच यायचं. नुसती रडली, तर यायचं नाही." मग तोंड वाकडं करून पुढचं सांगितलं, "प्लास्टर वाळायचंय. आज पाय टेकवायचा नाही. आजच्या दिवस... उचला."

आत्या लगबगीनं पुढं झाली. चिमणी कडेवर चढता चढता बोट रोखून म्हणाली, "आजच हं. उद्यापासून खाली."

पट्ट्या भिजवलेल्या बादलीच्या तळाशी प्लास्टर घट्ट व्हायला लागलं होतं. आणखी आळलं की छिन्नीनंच काढावं लागतं. बाह्या वर सारून बाई ते खरवडायला बसल्या.