माळावर न गेलेली दवंडी

शेडगे गुरुजी माले गावच्या शाळेत बदलून आले ते छप्पन साली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरीवर दाढी करत बसले होते, तेव्हा गनी मुलाणी पहिल्यांदा त्यांच्या नजरेत भरला. उंच, किडकिडीत माणूस. खाकी सदरा खांद्यांवर विरलेला, पण गुंड्या सगळ्या जागच्या जागी. गळ्यात सुतळीनं अडकवलेला रॉकेलचा रिकामा डबा आणि हातात काठी. पूर्वी गावात डफ वाजवून दवंडी देणारा माणूस खडकीला कारखान्यात लागला, तेव्हापासून पंचायतीचा शिपाई गनी हाच डबा बडवून दवंडी देई.

त्या दिवशी दवंडी होती ती गुरांना लस टोचण्याची. आळीच्या तोंडाशी गनीनं डबा वाजवला, खणखणीत आवाजात दोनदा सांगितलं आणि तो पुढे निघाला. दहा पावलं गेला आणि काहीतरी आठवल्यासारखा माघारी फिरला. कोपऱ्यावरच्या घरात कुशाबा नावाचा ठार बहिरा म्हातारा बसला होता. गनी त्याच्यासमोर उकिडवा बसला, हातानं बैल दाखवला, शिंगं दाखवली, सुई टोचून दाखवली. म्हातारा हसून मान हलवेपर्यंत तो उठला नाही. गुरुजींच्या गालावरचा साबण वाळून गेला. एका बहिऱ्या माणसासाठी परत फिरणारा शिपाई त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

पुढे सात वर्षं दोघांचा रोजचा संबंध आला. ग्रामसेवकाकडे पाच गावं, त्यामुळे माल्याच्या पंचायतीचं लिहिणं बरंचसं गुरुजींच्याच गळ्यात पडे, आणि लिहिलेलं गावभर पोचवायचं काम गनीचं. गनीला अक्षर येत नव्हतं. कागद एकदा वाचून दाखवला की त्याला पाठ होई. "गुर्जी, सावकाश वाचा, मंग मला पुन्ना इचारायला नगं," एवढंच तो म्हणे. आपल्या कामात कुणी कधी खोट काढली नाही याचा त्याला मोठा अभिमान होता. त्याची बायको बद्रुन्निसा त्यावरून त्याला टोचायची. "रेडिओ परवडला," ती म्हणायची, "त्यो निदान बंद तरी करता येतो."

गावाबाहेर, ओढ्यापलीकडे माळ होता. मुळशीचं धरण भरलं तेव्हा ज्यांची गावं पाण्याखाली गेली, त्यांतली दहा कुटुंबं या माळावर झोपड्या घालून राहत होती. येऊन चाळीस वर्षं होत आली तरी गाव त्यांना 'माळावरची' असंच म्हणे. जमीन नाही, घराची नोंद नाही; दुसऱ्याच्या भातखाचरात मजुरी करायची आणि दरवर्षी नव्या गवतानं झोपडी शाकारायची. त्यांतली गोजराबाई पाळण्यात असताना तिथं आली होती. आता तिला सुना आल्या होत्या.

त्रेसष्ट साली या दहा कुटुंबांसाठी एक चाळ बांधायची सरकारी योजना आली. गायरानाच्या कडेला दहा खोल्यांची, कौलारू, पक्क्या भिंतींची चाळ. जागा गावठाणात घ्यायची तर गावाचं म्हणणं ऐकायला हवं, म्हणून पौडच्या तालुका कचेरीतून साहेब येऊन चौकशी करणार होते. कुणाची हरकत असेल तर त्यानं सांगावी. आणि ज्यांच्यासाठी घरं, त्यांनी हजर राहून आपल्याला ती हवीत असं सांगून अंगठा द्यावा. त्यांचे अंगठे नाहीत तर योजना पुढे सरकणार नव्हती. गोजराबाईला हे ठाऊक होतं. तारीख तेवढी ठाऊक नव्हती.

तारीख ठरली कार्तिकातल्या एका सोमवारची. गुरुजींनी कागद वाचून दाखवला, गनीनं पाठ केला आणि शनिवारी डबा गळ्यात घालून तो निघाला. वरची आळी, मधली आळी, खालची आळी, कुशाबाच्या दारात हातवारे, आणि शेवटी वेस. वेशीशी तीनदा डबा वाजवायचा आणि माघारी फिरायचं. गनीच्या आधीचा डफवालाही तिथूनच फिरे आणि त्याचा बापही. घरपट्टी माळाला नव्हती, पाणीवाटप माळाला नव्हतं. तिथं ओरडून सांगावं असं गावाकडे कधी काही नव्हतंच. गनी वेशीशी तीनदा डबा वाजवून घरी गेला आणि भाकरी खाऊन झोपला.

सोमवारी शाळा बंद ठेवून पडवीत साहेबांसाठी टेबल मांडलं. गुरुजी लिहायला बसले. सरपंच हैबतराव फेटा बांधून आले होते. त्यांचं खळं गायरानाला लागून होतं.

"साहेब, गायरान गेलं तर गुरं कुटं सोडायची?" एकानं सुरुवात केली.

"आन् दहा बिऱ्हाडं म्हंजे पन्नास माणसं," दुसरा म्हणाला. "आमच्याच हिरीवर येणार. आत्ताच पोहरा बुडत न्हाई."

"तुझा पोहराच भोकाचा हाय, त्याला हीर काय करंल?" मागून कुणीतरी म्हणालं आणि पडवी हसली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी चष्मा काढला. "आणि ज्यांची घरं, ती माणसं कुठं आहेत?"

हैबतरावांनी घसा खाकरला. "त्यांना नकोच हाय, साहेब. मोकळ्यावर ऱ्हायची सवय. चाळीत कोंडून घालून करायचं काय?"

"त्यांना तारीख कळवली होती? माळावर दवंडी दिली होती का?"

सगळ्यांच्या माना गनीकडे वळल्या. गनी खांबाला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला गुरुजींना स्पष्ट दिसला. माळाचं नाव निघेपर्यंत माळ त्याच्या डोक्यातच आला नव्हता, हे त्यांना त्या चेहऱ्यावर वाचता आलं. क्षणभर त्याचे ओठ हलले.

"दिली, साहेब," गनी म्हणाला.

गुरुजींचा टाक थांबला. शाळा ओढ्याच्या अलीकडच्या काठावरच होती. माळावर डबा वाजला असता तर तो पहिल्यांदा त्यांनाच ऐकू आला असता. शनिवारी दुपारभर ते पडवीतच वह्या तपासत बसले होते. त्यांनी मान वर केली. समोर हैबतराव, शेजारी साहेब, खांबाशी गनी. 'याची नोकरी जाईल,' असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या विचाराचा त्यांना मोठा आधार वाटला. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'दवंडी सर्वत्र देण्यात आली. लाभ घेणारे कोणीही हजर नाहीत.'

साहेब चहा घेऊन तीनच्या गाडीनं गेले.

चार दिवसांनी गनी पंचायतीचा एक कागद घेऊन शाळेत आला होता. सोमवारनंतर दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. एवढ्यात गोजराबाई पडवीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. डोक्यावर पेंढ्याचा भारा, पायांना चिखल.

"गुर्जी, सायेब कवा येनार वो? आमी समद्यांनी ठरवलंय, त्या दिशी कुनी मजुरीला जायाचं न्हाई. पोरांची कापडंबी धुऊन ठिवल्यात. आदी कळाय पायजे, न्हाई तर मालक खाडा धरत्यात."

गुरुजींनी गनीकडे पाहिलं. गनी जमिनीकडे पाहत होता.

"येऊन गेलं, गोजराबाई," तो म्हणाला.

"कवा?"

"सोमवारी."

गोजराबाईनं भारा खाली ठेवला. "सोमवारी तर आमी हितंच हुतो. ह्या खालच्या खाचरात. हैबतरावांचा भात कापत हुतो समदी. हितनं हाळी दिली आस्ती तरी आलो आस्तो."

पडवीतून ते खाचर दिसत होतं. सोमवारीही दिसलं असतं, कुणी पाहिलं असतं तर.

मग गोजराबाईच समजुतीच्या स्वरात म्हणाली, "ऱ्हाऊ द्या गनीभाऊ. येकटा मानूस, धा कामं. इसरला आसाल."

गुरुजींना वाटलं, आता गनी 'व्हय' म्हणेल आणि सगळं मिटेल. आपल्यालाही मनातून तेच हवं होतं, हे त्यांना पुढे कितीतरी वर्षं आठवत राहिलं.

"इसरलो न्हाई," गनी म्हणाला. "इसरायला आदी ध्यानात आसावं लागतं. तुमाला सांगायचं आस्तं हे माज्या डोक्यातच आलं न्हाई, गोजराबाई. आन् सायबानं इचारलं, माळावर दवंडी दिली का, तर मी दिली म्हनालो. समद्यांच्या म्होरं म्हनालो."

गोजराबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं हळूच विचारलं, "गुर्जी, तुमी हुता का तवा?"

"होतो," गुरुजी म्हणाले.

"तुमास्नी ठावं हुतं?"

गुरुजींनी होकारार्थी मान हलवली.

तिनं भारा उचलला. नेहमी ती "येते गुर्जी" म्हणून जायची. त्या दिवशी काही न बोलता पायऱ्या उतरून गेली. तिची मुलगी शाळेत तिसरीत होती. दुसऱ्या दिवशी ती आली आणि पहिल्या बाकावर बसायची ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. गुरुजींनी तिला पुढे बोलावलं नाही. बोलावण्याचा हक्क आपल्याला उरलाय असं त्यांना वाटलं नाही.

मुलगी मागे जाऊन बसली त्याच दिवशी संध्याकाळी गनी पुन्हा आला. "गुर्जी, लिवा," तो म्हणाला. "मी खोटं बोललो आसंच लिवा. घुमवून फिरवून लिवू नगा. मी अंगठा देतो." गुरुजींनी तसंच लिहिलं. खाली आपलीही ओळ घातली, की लिहिणाऱ्याला हे माहीत होतं. ती ओळ लिहायला त्यांना गनीच्या साऱ्या जबाबापेक्षा जास्त वेळ लागला.

पुढच्या सोमवारी सकाळच्या गाडीनं दोघं पौडला गेले. साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला.

"शिपाई घाबरला, हे मी समजू शकतो," ते म्हणाले. "गुरुजी, तुम्हाला काय झालं होतं?"

गनीनं मध्येच तोंड घातलं, "गुर्जी माज्यासाटी गप बसलं, सायेब." गुरुजींना ते जोड्यानं मारल्यासारखं लागलं. कारण ते पुरतं खरं नव्हतं. हैबतरावांसमोर तोंड उघडायला नको, म्हणूनही ते गप्प बसले होते. हे मात्र त्यांनी तिथं सांगितलं नाही.

पौषात साहेब पुन्हा आले. आदल्या दिवशी गनी डबा घेऊन ओढा ओलांडून गेला. माळावर सगळ्यांना तारीख आधीच कळली होती, तरी त्यानं दहाही झोपड्यांपुढे उभं राहून दवंडी दिली. पोरं हसत त्याच्यामागे फिरली. मोठ्यांपैकी कुणी हसलं नाही. सुनावणीला दहा कुटुंबांचे अंगठे झाले, चाळ मंजूर झाली. पण त्या सालच्या घरांची यादी मार्गशीर्षातच पुण्याला गेली होती. माल्याचं नाव पुढच्या सालावर गेलं आणि पुढच्या साली खोल्या दहाच्या आठ झाल्या. चिठ्ठ्या टाकल्या. गोजराबाईची निघाली नाही.

चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा गनी तिथं नव्हता. दुसऱ्या सुनावणीच्या महिनाभरातच हैबतरावांनी त्याला कामावरून काढलं होतं. कारण लिहिलं होतं, 'कामात कसूर'. गनीनं त्यावर हरकत घेतली नाही. गुरुजी म्हणाले होते, "गनीभाई, मी अर्ज लिहितो, वर दाद मागू." गनी म्हणाला, "लिवलंय ते खरंच हाय की, गुर्जी."

गुरुजी गेल्या साली निवृत्त झाले. माल्यातली चाळ त्यांनी पाहिली आहे. आठ खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर मिरच्या वाळत घातलेल्या असतात. गोजराबाई अजून माळावरच असते. ती त्यांच्याशी बोलते, पण त्यांच्याकडून काही लिहून घेत नाही.

गनी पौडला राहतो. एस.टी. स्टँडमागच्या पिठाच्या गिरणीवर तो दळण घालायच्या कामाला आहे.