नगरची बाई

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. डॉक्टरांना नाही, आणि ते तर माझ्या एकेका हाडाची चौकशी करतात. पोरीला नाही. रामदासला नाही — आणि त्याच्यापासून मी आयुष्यात दुसरं काही लपवलं असेल असं मला वाटत नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या ओट्यावर येऊन बसणार नाही, बाजारात समोर उभे राहणार नाही. हाही भित्रेपणाच म्हणा. म्हणा, माझी हरकत नाही.

मी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल आहे. होतो म्हणू का? अजून जातो, पण आता लिंबाखाली खुर्ची टाकून बसतो. बैल विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहायचं, हातावर रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून भाव करायचा, हे माझं काम. वर तोंडं पाऊसपाण्याचं बोलत असतात आणि खाली बोटं भांडत असतात. आमच्यात एक रीत आहे. रुमाल टाकण्याआधी जनावराची खोड सांगून टाकायची — मारकं असेल तर मारकं, औताला धरल्यावर बसत असेल तर तसं. लपवून विकलं आणि मागनं खोड निघाली, की गिऱ्हाईक जनावर माघारी आणतं, आणि दलालाला चार लोकांदेखत तो कासरा हातात घ्यावा लागतो. माझ्याकडे कधी जनावर माघारी आलं नाही. त्याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू!

पण थांबा, आधी माझं गाऱ्हाणं ऐका. माझ्याशी दगा झाला. हो, दगाच. दुसरा शब्द मला सापडत नाही.

पहिला दगा अंगानं केला. लघवीला सारखं उठावं लागायचं, मी म्हटलं वय झालं. कंबर धरायची, म्हटलं टेम्पोतून हिंडून हिंडून धरली असेल. कधी तापानं अंथरूण धरलं नाही असा माणूस मी — मला काय होणार? नगरच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो हाडांत उतरलाय. म्हणजे मी ज्याच्या जिवावर मिशीला पीळ देत फिरत होतो, ते अंग कधीचं फितूर झालेलं होतं. मला पत्ता नाही!

डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, बरा होणार नाही, पण आवरून धरता येईल. हा आजार पुरुषाच्या हार्मोनवर पोसतो, ते हार्मोन बंद करायचं. एक तर छोटं ऑपरेशन करून खालच्या गोळ्या काढायच्या, नाहीतर दर तीन महिन्यांनी पोटात इंजेक्शन. ते बेतानं, माझ्या तोंडाकडे बघत बोलत होते. पण मी बैलांच्या धंद्यातला माणूस, मला समजायला वेळ लागतोय होय? किती खोंडांना खच्ची करताना मी स्वतः दोर धरलाय. खच्ची केलेला बैल मवाळ होतो, कुणाच्या अंगावर जात नाही, गाईकडे बघतसुद्धा नाही — हे मी गिऱ्हाइकाला गुण म्हणून सांगत आलो. आणि आता कुणीतरी माझाच दोर धरणार होतं.

मी इंजेक्शन निवडलं. का, माहीत आहे? ऑपरेशन दिसतं. इंजेक्शन लपतं.

रामदास बरोबर होता. तोही दलाल, आमची दोघांची गट्टी तरुणपणापासूनची. दवाखान्यातून येताना वडाळ्याच्या पुढे मी त्याला गाडी थांबवायला लावली आणि शिंगणापूरच्या दिशेला तोंड करून शपथ घ्यायला लावली, की यातला शब्द कुठं निघणार नाही. आमच्या भागात माणूस सगळ्यांना फसवेल, पण शनिदेवाची शपथ घेऊन फिरणार नाही. रामदासनं चप्पल काढून शपथ घेतली. घरी मी सांगितलं, नगरला सौद्याची कामं निघतात.

इंजेक्शननं आजार आवरला, आणि मलाही आवरून टाकलं. ऐन थंडीत मानेपासून आग निघायची, शर्ट भिजून जायचा. छाती बाईसारखी भरायला लागली, मी बाजारात उन्हाळ्यातही उपरणं लपेटून बसायला लागलो. हातातला जोर गेला. गाईपासून वासरू सोडवताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं — माझ्या! आणि ती दुसरी गोष्ट तर दिवा मालवावा तशी मालवली. इच्छाच उरली नाही हो. भूक नसणं वेगळं आणि भूक म्हणजे काय ते विसरणं वेगळं.

आता सुमनचं सांगायला हवं. सुमन माझी बायको. मी मघापासून टाळतोय, लक्षात आलं असेल तुमच्या.

लग्नानंतर बरीच वर्षं आम्ही दोघं ऊसतोडीला जात होतो, पाथर्डीकडची माणसं जातात तसे. तिथं फडात तिच्या अंगावरून फार जायला लागलं. डॉक्टर म्हणाला, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. तिशीसुद्धा धड झाली नव्हती तिची. आमच्या टोळीतल्या कितीतरी बायकांच्या पिशव्या अशाच गेल्या, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. ती मात्र घाबरली होती. तिनं मला विचारलं होतं, की नंतर मी तुमाला चालंन का? मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, येडी हायस का, यानं काय बी बदलत न्हाई. आणि खरंच बदललं नाही. आमचं बरं चाललं होतं. ती म्हातारपणीसुद्धा माझी चेष्टा करायची, मिशा पिकल्या पर पीळ जात न्हाई म्हणून.

तर एक दुपार. पोरगी दिवाळीची येऊन तिसगावला सासरी परत गेली होती, घर मोकळं होतं. सुमननं केस धुतले होते. ती माझ्या बाजेवर येऊन टेकली आणि तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच महिन्यांत मी तिच्या वाऱ्यालाही उभा राहिलो नव्हतो. म्हणाली, "अवं, काय हुतंय तुमाला? मला सांगा की."

सांगता आलं असतं. ती विचारतच होती ना? एवढं सोपं दार पुन्हा कुणी उघडून दिलं नसतं.

मी म्हणालो, "मला काय बी झालं न्हाई. तुझ्यातच काय ऱ्हायलंय आता? पिशवी काढली तवाच तुझं बाईपन गेलं. जवळ येत जाऊ नको."

तिनं पाठीवरचा हात काढला. जोरात नाही, हळूच काढला. मग तांब्या उचलून आत गेली. संध्याकाळी भाकरी गरमच वाढली, ठेचाही दिला. अंथरूण मात्र तिनं चुलीकडच्या खोलीत नेलं. मी घेऊन दिलेली जांभळी साडी पोरीला देऊन टाकली — मला कशाला आता, म्हणाली. शेजारणी हळदीकुंकवाला बोलवायला आल्या की काही ना काही काम काढायला लागली. मी हे सगळं बघत होतो. आंधळा नव्हतो मी.

एवढ्यावर थांबलो असतो तरी खूप होतं. पण नाही.

काही महिने गेले आणि एके सकाळी, मी नगरला निघायच्या गडबडीत असताना, तिनं दारात उभं राहून विचारलं, "नगरला कोन हाय का तुमचं?" तिच्या बाजूनं बघा ना. नवरा जवळ येत नाही, आणि ठरावीक दिवशी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून रामदासबरोबर नगरला जातो, येतो तेव्हा धड बोलत नाही. दुसरं काय समजायचं तिनं?

मी नाही म्हणालो नाही. मी हसलो, आणि मिशीवरून हात फिरवला.

आणि तुम्हाला खरं सांगू? मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण मला बरं वाटलं! खच्ची झालेल्या माणसाला या जगात अजून कुणीतरी वळू समजत होतं. पुढच्या खेपेला मी मुद्दाम अत्तर लावून निघालो. पोटात सुई टोचून घ्यायला, अत्तर लावून. सुमन गोठ्यात शेण काढत होती, वास तिच्यापर्यंत जाईल असा मी तिकडून वळसा घालून गेलो.

मग दुसरा दगा झाला — निदान मी त्याला दगाच म्हणत आलो. मी घरी नसताना रामदास आला होता. सुमननं त्याला ओसरीवर गाठलं. भांडायला नव्हे. म्हणाली, "भावजी, ती बाई कोन हाय मला म्हाईत न्हाई, आन मला भांडायचं बी न्हाई. तिला एवढंच सांगा, हे लई थकल्यात, उठता-बसता कन्हत्यात. माझ्याशी बोलत न्हाईत. तिनं तरी नीट बघावं म्हनावं." रामदासनं तिथंच सगळं सांगून टाकलं. शपथ मोडून.

मी घरी आलो तर तिनं पाणी पुढं केलं आणि विचारलं, "पुढलं इंजेक्शन कवा हाय?"  सबंध नेवासा तालुक्यात माझ्या अब्रूचे धिंडवडे निघणार असं वाटलं. माझा माणूस, माझा जोडीदार, तोच उलटला!

पुढच्या बाजारी एका खिलारी जोडीच्या सौद्यात आम्ही दोघं समोरासमोर आलो. तो घेणाऱ्याकडून, मी विकणाऱ्याकडून. रुमाल टाकला, हात खाली गेले. रामदासनं भाव केलाच नाही. एकही बोट दाबलं नाही, नुसता माझा हात हातात धरून उभा राहिला. मी हात हिसकून घेतला आणि भर बाजारात ओरडलो, हा दगाबाज आहे, याच्याशी कुणी सौदा करू नका. लोक गोळा झाले. काय लपवलं यानं, कुठल्या जनावराची खोड, असं विचारायला लागले. रामदासला एका वाक्यात सुटता आलं असतं. पण ते वाक्य बोलायचं, तर माझा आजार सगळ्यांना कळला असता. तो खाली मान घालून निघून गेला. अजून काही लोक त्याच्या हातावर रुमाल टाकायला कचरतात. दर शनिवारी शिंगणापूरला तेल घालून येतो म्हणे, शपथ मोडली म्हणून. आमचं बोलणं नाही.

आता नगरला सुमन येते बरोबर. इंजेक्शनच्या जोडीला गोळ्याही आल्यात, हाडं दुखतात तेव्हा ती गरम विटेनं शेकते. आग निघाली की ओला पंचा मानेवर ठेवते, मग मनगटांवर. हे कुणी शिकवलं म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाली, "पिशवी काढल्यावर मला बी असंच व्हायचं, फडात. तुमाला सांगितलं तर तुमी म्हनायचे, उनाचं हाय." मी तसं म्हणालो असेन. नक्कीच म्हणालो असेन.

तिनं नगरच्या बाईवरून मला एकदाही टोमणा मारला नाही. रामदासभावजींकडं जाऊन या, एवढं मात्र म्हणते. मी जात नाही. गेलो तर काय म्हणणार? तो फितूर नव्हता हे म्हणायचं, तर मग कोण होतं ते सांगावं लागेल.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी तुम्हाला इतका वेळ बसवून ठेवलंय.

परवा ती पंचा पिळत होती. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "ते पिशवीचं बोल्ला हुता, ते मनातलं हुतं का वं?"

इतके दिवस ती हेच घेऊन बसली होती. बाई नाही, आजार नाही, लपवाछपवी नाही. हे.

मी म्हणालो, "कुठलं? मला न्हाई आठवत गं."

तिनं पंचा पिळून झटकला. मग मान हलवून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. दुखन्यात मानूस काय बी बोलतं." आणि तिनं पंचा माझ्या मानेवर ठेवला.

मला सगळं आठवतं. तिचे केस ओले होते आणि पाठीवर पदर भिजला होता. कोणता शब्द कुठं लागेल हे मला माहीत होतं, रुमालाखाली कुठलं बोट दाबायचं हे माहीत असतं तसं, आणि मी तो निवडून वापरला. मी रागात नव्हतो. त्या दुपारी माझं काहीसुद्धा दुखत नव्हतं.