नरेशदादाच्या स्किमा

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. पानठेल्यावर उभं राहिलं की पायाशी सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पन्न्या साचतात, तसे ते साचतात. आमच्या सावली गावात सुधाकरभाऊच्या ठेल्यावर साचलेले निम्मे किस्से माझ्या दादाचे. नरेशदादाला झटपट श्रीमंत व्हायचं होतं. धान कापणीच्या आधी मूल गावाच्या रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं.

आता घरी त्याचं नाव निघालं की आई चूल सोडून मागच्या अंगणात जाते. मी आठवी नापास, मला दुसरं काही येत नाही. पण दादाबद्दल कोणाशी बोललो नाही तर घास उतरत नाही. म्हणून ऐका.

*

वीस नखांच्या कासवाचे करोड मिळतात, असं दादाला कोणीतरी सांगितलं. आम्ही दिवसभर बोडीत, शेताजवळच्या लहान तळ्यात, उतरून एक कासव धरलं. आता नखं मोजायची तर ते पाय आत घेऊन बसलं! आम्ही दोघं पालथे पडून त्याची वाट पाहत राहिलो. बऱ्याच वेळानं मोजणी झाली. नखं कमी भरली.

"घाबरू नको," दादा म्हणाला, "उरलेली आपण चिकटवू."

शेळीचा खूर तासून मी नखं केली, दादानं चिकटवली. ग्राहक गाडी घेऊन आला, त्यानं चष्मा लावून नखं मोजली, पुन्हा मोजली.

"काऊन हो भाऊ, हे तर एकवीस आहेत!"

*

मग तांदूळ ओढणारा तांब्याचा लोटा. असा लोटा परदेशात रॉकेटला लावतात म्हणे! विकणाऱ्यानं खिशातले तांदूळ पसरले, लोटा जवळ नेला. दाणे टकाटक चिकटले. दादा म्हणाला, "आता आमच्या तांदळावर करून दाखवा."

आमचा एक दाणा हलला नाही.

तिथेच पितळ उघडं पडायचं, पण तो माणूस म्हणाला, "तुमच्या तांदळात दम नाई."

धानाच्या पट्ट्यात माणसाला चोर म्हणा, चालतं. त्याच्या तांदळाला नाव ठेवू नका! दादा लालबुंद झाला. "आमच्या तांदळात दम नाई? आण तो लोटा! ओढवूनच दाखवतो!" आणि घेतला की विकत!

आई अजून त्याच लोट्यानं भाताचे तांदूळ काढते. दादा दोन्ही वेळेस म्हणायचा, "पाय, ओढून राह्यला का नाई?"

*

पैशाचा पाऊस पाडणारा बाबा सिरोंच्याकडे होता. भरदुपारी त्यानं आम्हाला सागवानाच्या जंगलात बसवलं. डोळे मिटायचे, नोटांचा आवाज आल्याशिवाय उघडायचे नाहीत. आम्ही बसलो. आधी मंत्र ऐकू आला, मग पाखरं, मग काहीच नाही. डोळे उघडले तर बाबा नाही, आणि आमची मोटरसायकलही नाही.

दादा म्हणाला, "पाऊस पडलाच असन लेका. बाबा गाडीसकट वाहून गेला!"

रस्त्यापर्यंत पायी आलो. वाघाची मला फार भीती. म्हणून दादा सगळी वाट मोठ्यामोठ्यानं बोलत होता. एक मिनिट गप्प बसला नाही.

*

दहाव्याला वैनगंगेवर पिंड ठेवला. कावळा समोरच्या बाभळीवर येऊन बसला, पण शिवेना. काका म्हणाले, "नरेश, तुया आईले मी सांभाळतो." कावळा हलला नाही. मी म्हटलं, "दादा, मी कामाले लागतो." कावळ्यानं पाठ फिरवली.

शेवटी सुधाकरभाऊ पुढे झाला. दादानं त्याला शेळीपालनाच्या स्किममध्ये घातलं होतं. शेळी त्याला अजून दिसायची आहे. त्यानं हात जोडले.

"नरेश, तुया पुढच्या स्किममधी मी पयला मेंबर!"

कावळा झपकन उतरला.

सगळे हसले, भटजीसुद्धा. मीही हसलो, आणि मग नदीत जाऊन तोंड धुतलं. तेव्हापासून ठेल्यावर मी दादाचा विषय काढला की सुधाकरभाऊ म्हणतो, "जाऊ दे ना बा, जीव दुखते." आणि रेडिओ मोठा करतो.

*

परवा दादाचा मोबाईल वाजला. मी तो रोज चार्ज करून ठेवतो.

"अभिनंदन नरेशजी! आपल्याला कार लागली आहे!" एकदम पुस्तकातलं मराठी. "मी सुटीवरून आजच आलो. ओटीपी पाठवलाय. आज तरी पूर्ण सांगाल ना?"

"नरेश नाई राह्यला," मी म्हटलं. "मी त्याचा लहान भाऊ."

तिकडून हळू आवाज आला, "खरंच?"

"खरंच."

"अहो, नरेशजी रोज ओटीपीचे पाच आकडे सांगायचे, शेवटचा उद्या सांगतो म्हणायचे. दुसऱ्या दिवशी ओटीपी बदललेला! मग गप्पा मारत बसायचे. साहेब माझ्यावर ओरडायचा."

"काय बोलायचा तो?"

"काहीही. मी इथे एकटा राहतो म्हटलं, तर वांग्याची भाजी शिकवली."

"त्याले तर भाजी येतच नव्हती!"

"हो. वाईटच झाली होती."

आम्ही दोघंही हसलो. किती दिवसांनी!

"बरं भाऊ, ठेवतो," तो म्हणाला. "हा नंबर यादीतून काढतो आता."

"थांबा थांबा," म्हणत मी मेसेज उघडला आणि घाईघाईनं वाचायला लागलो. "चार... नऊ... शून्य... दोन... सात..."

"अहो भाऊ, बस!" तो ओरडला. "शेवटचा उद्या सांगा!"