मागे वळून बघणारे काका

पहिल्या वर्षाचा पेपर होता आणि गडब गावाजवळ पेणला जाणारी आमची एसटी बंद पडली. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. पेपर बुडाला तर पुढे शिकवतील की नाही, मला खात्री नव्हती. तेवढ्यात तीनचाकी मोटरसायकलवाले एक काका थांबले. त्यांच्या पायांत बळ नव्हतं; कुबडी गाडीच्या बाजूला बांधलेली होती. मागे जोडलेल्या छोट्या ट्रॉलीत पेंढ्यावर गणपतीच्या कच्च्या मूर्ती होत्या, पेणला रंगवायला चाललेल्या.

मी बिचकतच काकांच्या मागच्या सीटवर बसले. काका अगदी हळू चालवत आणि प्रत्येक खड्ड्याला वळून मूर्ती बघत. मी सारखी घड्याळ बघत होते. शेवटी म्हटलं, "काका, जरा जोरात..."

"जोरात घेतली तर देवाची सोंड माझ्या हातात येल गो!"

पण पुढच्या टपरीपाशी ते उतरले. कुबडीवर तोल सावरत त्यांनी ट्रॉली सोडवली. "वैनी, जरा लक्ष ठेवा," असं टपरीवालीला सांगून मला म्हणाले, "गणपतीला अजून लय महिने हायत. तुझा पेपर आज हाय."

मग गाडी सुसाट निघाली. मी वेळेत पोचले. पण वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला काका तसेच वळून बघत होते. मागे आता फक्त मीच होते.