बॅजवरचं शून्य
ड्रॉवर आवरताना किरणोत्सार मोजणारा जुना बॅज हाती लागला आणि हैदराबादच्या त्या हॉस्पिटलचं थंडगार तळघर आठवलं. बीएस्सीनंतर मी तिथे न्यूक्लियर मेडिसिन शिकत होते. स्कॅनआधी पेशंटला किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन देऊन तासभर एकटं बसवायचे, कारण औषध अंगात भिनायला तेवढा वेळ लागतो आणि त्याच्या अंगातून किरणं बाहेर पडत असतात. अंतर ठेवायचं, हा आमचा पहिलाच धडा, आणि मी तो घोकून ठेवला होता. त्या सकाळी गौलीगुड्याच्या मराठी वस्तीतल्या एक आजी आल्या होत्या, उपाशीपोटी, शालीतही कुडकुडत. मी मराठीत बोलले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला, "अगंबाई, आपल्यातलीच की तू!" इंजेक्शननंतर त्या बाथरूमला जायला उठल्या, त्यांचा तोल गेला आणि त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी दोन पावलं मागे सरकले. त्यांनी कशीबशी भिंत धरली. आमचे सीनियर धावत आले, "मैं हूं ना अम्मा, डरो नक्को," म्हणत त्यांनी आजींना धरून नेलं. जाताजाता आजी मला म्हणाल्या, "राहू दे गं बाळा, तुझं अजून लग्न व्हायचंय." तीन महिन्यांनी सगळ्यांच्या बॅजचा रिपोर्ट आला. सीनियरच्या नावापुढे छोटासा आकडा होता, माझ्यापुढे शून्य. "कित्ता संभालके काम करती ये," असं सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं, आणि मी, आज लिहितानाही कान तापतात, हसून थँक्यू म्हणाले.