सहा भागांची नदी

आमचा खेळ कोणता, हे आमच्या वाशीमजवळच्या मालेगावात कोणाला सांगायला गेलं की तो आधी विचारतो, "पत्ते?" नाही म्हटलं की, "मंग कॅरम असन." इथे माझं डोकं फिरतं. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि जिथे अडेल तिथे फासे टाकायचे. त्यात न कळण्यासारखं काय आहे? माझे सासरे वीस बाजूंचा फासा पाहून अजूनही त्याला जुगारच म्हणतात. मी ऐकून घेतो, दुसरा इलाज नाही.

गोष्ट सांगणारा मी. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर हा नाद लागला आणि डिग्रीपेक्षा जास्त कामी आला. आता माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत रविवारी दुपारी आम्ही चौघं बसतो. एक माझा शाळेपासूनचा दोस्त, त्याचं बसस्टँडजवळ चपला-बुटांचं दुकान आहे. दुसरं मेडशीहून मोटरसायकलवर येणारं जोडपं, त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे. खेळात भाऊ दरवेळी साधू होतो आणि वहिनी दरवेळी चोर. कारण विचारलं तर म्हणतात, "घरी इमानदारीनंच राह्यतो ना आमी, मंग इथं कायले?"

मागच्या दिवाळीनंतर आमची जुनी गोष्ट संपली आणि नवी निवडायची वेळ आली. या खेळासाठी तयार गोष्टींच्या मालिका छापलेल्या मिळतात. त्यात गावं, नकाशे, माणसं, त्यांची भांडणं, सगळं लिहून ठेवलेलं असतं. सांगणाऱ्याने ते आधी वाचायचं आणि खेळणाऱ्यांना त्यात सोडून द्यायचं. मी तीन मालिका काढल्या होत्या. पहिलीत एक बेट आणि समुद्री डाकू, एका पुस्तकात खेळ खलास. दुसरीत बर्फातली एक घाटवाट, दोन भाग. तिसरी होती सहा भागांची. एक नदी, मुखापासून उगमापर्यंत.

त्या तिसरीने मला वेड लावलं. पहिल्या भागात पाळण्यात असलेली पोरगी सहाव्या भागात फौज घेऊन उभी राहते. एका धर्मशाळेत पोळ्या लाटणाऱ्या बाईला कशाची भीती वाटते, हेसुद्धा लिहिलेलं. खेळणारे त्या धर्मशाळेत कदाचित जाणारही नाहीत! कुठल्या तरी लांबच्या देशात कोणी तरी बसून, कोणी उघडेल की नाही माहीत नसलेल्या दारामागचं घर झाडून-पुसून ठेवलं होतं. गिऱ्हाइकाची जळालेली मोटर समोर तशीच पडलेली आणि मी पानं उलटतोय, असं कितीदा झालं. अंगावर काटा यायचा. माणसं एवढं करतात, तेही खेळासाठी, हे मला अजून खरं वाटत नाही. भेटेल त्याला मी ती नदी सांगत सुटलो होतो. सगळ्यात जास्त पिडलं अर्थातच दोस्ताला.

अडचण एकच होती. सहा भाग म्हणजे आमच्या चालीने तीन वर्षं तरी नक्की. आणि दोस्ताच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तो वाशीमला डायलिसिसला जायचा. येताना चेहरा राखेसारखा व्हायचा, तरी रविवार चुकवायचा नाही.

त्या रविवारी तो यायच्या आधी वहिनींनीच माझ्याजवळ विषय काढला. "भाऊ, लंबी नका घेऊ यंदा. मधातच राह्यली त आपल्याले झेपन का?"

भाऊ खाली मान घालून म्हणाला, "पहिल्या दोनच ठेव. त्याले सांगू नको."

मलाही तेच बरं वाटलं. सहा भागांचं नाव काढून आपण त्याला कॅलेंडर दाखवतोय, असं नको व्हायला. मी नदी कपाटात टाकली.

आमची निवड करायची रीत जरा वेगळी आहे. आधी आम्ही हात वर करायचो. पण भाऊ हात वर करण्याआधी वहिनींच्या तोंडाकडे बघायचा, मग त्या मतदानाला काय अर्थ! तेव्हा दोस्ताने तोडगा काढला. त्याचे वडील बैलबाजारात दलाली करायचे. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही आणि दोघांखेरीज कोणाला भाव फुटत नाही. तसंच आम्ही करतो. ज्या नंबरची मालिका हवी, तेवढी माझी बोटं दाबायची.

तो आला, चहा झाला, मी बेट सांगितलं, घाटवाट सांगितली. दोस्त ऐकून घेत होता. मग मी दुपट्टा पसरला. भाऊने एक बोट दाबलं. वहिनींनीही एकच दाबलं. मग दोस्ताचा हात आला.

तो डावरा आहे, म्हणून डायलिसिसच्या सुईसाठी शीर उजव्या मनगटात धमनीला जोडलेली. बाजाराच्या रिवाजाने हातही उजवाच द्यायचा. तोवर मी ते मनगट लांबूनच पाहिलं होतं. त्या दिवशी दुपट्ट्याखाली माझा अंगठा त्यावर टेकला आणि मी दचकलो. आत काही तरी सतत थरथरत होतं. बोअर सुरू केल्यावर पाइपला हात लावला की पाणी वर चढताना कळतं, अगदी तसं. त्याचं रक्त वाहतंय हे माझ्या हाताला कळत होतं. इतकी वर्षं गळ्यात गळा घालून फिरलो, पण हा माणूस जिवंत आहे, याचं नवल मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं. आजूबाजूचं सगळं मी विसरून गेलो.

मग त्याने बोटं दाबली. तीन.

मला वाटलं, चुकला. दुपट्ट्याखाली बोलायचं नसतं, हे विसरून मी बोललो, "अबे, दोनच हाय."

त्याने पुन्हा तीन दाबली, आधीपेक्षा जोरात. "नदीवाली कुठं हाय?"

वहिनी कपबश्या गोळा करायला लागल्या.

"दिवाळीपासून तूच माहं डोकं खाऊन राह्यला ना तिच्यापाई? मंग आज काहून नाई काढली?" त्याचा आवाज चढला. "गिऱ्हाइकाचं तोंड पाहून सस्ता जोडा पुढं करणारा दुकानदार मले नाई आवडत. माल दाखव सारा. घ्याचं का नाई ते मी ठरवीन."

मी म्हणालो, "तीन वर्षं लागतीन बे."

"लागू दे." त्याचा हात अजून दुपट्ट्याखालीच होता. "तथी चार-चार घंटे मी मशीनले बांधून पडून राह्यतो. वरतं पंखा अन् छत. बाजूचा बुढा कन्हून राह्यते. मले विचार कराले काईतरी लागते ना? तुहं बेट दोन खेपात सरते. मले लंबं पाह्यजे."

आमचा अंदाज साफ चुकला होता. आम्ही त्याचे उरलेले दिवस मोजत बसलो होतो आणि त्याला ते दिवस भरायचे होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही, लपवण्यासारखी खोलीही नव्हती ती.

"अन् मी मधात नाई आलो," तो म्हणाला, "त माह्या खेळातल्या गड्याले मारू नका. वहिनीले द्या. ते चालवतीन त्याले."

वहिनींनी कपबश्या खाली ठेवल्या, पदराला हात पुसला आणि तो दुपट्ट्याखाली घातला. "भाऊ, माहं चुकलं. परत घ्या." आणि माझी तीन बोटं अशी दाबली की कळ आली. मग भाऊने तीन दाबली, या खेपेला त्यांच्याकडे न पाहता.

पुढच्या रविवारी आम्ही नदीच्या मुखाशी सुरुवात केली. मिठागरं, मचवे, जकात मागणारे शिपाई. दुपार संपता संपता तिघांचे गडी एका जुन्या दगडी पुलापाशी येऊन थांबले. पुस्तकात त्या पुलाबद्दल एकच ओळ होती, तो ओलांडला की गाव लागतं. मी तिथेच थांबवलं.

मधे त्याच्या वाशीमच्या दोन्ही खेपा झाल्या. त्यानंतरच्या रविवारी तो आला, चेहरा तसाच उतरलेला. चप्पल काढायच्या आधी दारातूनच त्याने विचारलं, "त्या पुलाखालतं कोनी राह्यते का बे? मी चार-चार घंटे तथीच होतो. मले खालतं चूल जळतानी दिसली."

मी सहाही भाग वाचलेले होते. पुलाखालचं त्यांत एक अक्षर नव्हतं.

"राह्यते ना," मी म्हणालो. "सांग, कोन हाय?"