घरातलं वाक्य

संक्रांतीला कुंकवाची डबी उघडली की नेरच्या शाळेतली नववी आठवते. कापूस बुडाला त्या वर्षी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचे वडील गेले होते. इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर ‘फॉरबिड, बॅन, एक्सक्लूड’ लिहून घरातली वाक्यं मागितली. मी ऐटीत उठून इंग्रजीत सांगितलं, माझ्या आईनं हिच्या आईला हळदीकुंकवातून ‘एक्सक्लूड आउट’ केलं. सर म्हणाले, “वाक्य चांगलं हाय, पन ‘आउट’ कायले? ‘फ्रॉम’ लाव,” आणि ते सगळ्यांना उतरवून घ्यायला लावलं. मैत्रिणीनंही उतरवलं, मग हळूच म्हणाली, “माय तं म्हने, डोकं दुखून राह्यलं होतं म्हनून नाही गेली.” औंदा तिचा नवरा गेला. बोलवायच्या बायकांची यादी माझ्यापुढे आहे आणि तिच्या नावावर मी आत्ताच काट मारली.